आप्पा, तुमच्या कमानीला माझा विरोध आहे

आप्पा,

तुमच्या दहाव्याला माइक बंद पडला नाही. आपल्या गावात साखरपुडा असो नाहीतर सत्कार, ऐन मोक्याला घरघर करून गप्प बसणारा तो माइक त्या सकाळी घोड नदीच्या घाटावर खणखणीत चालला. प्रवचन झालं, मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एकामागून एक माणसं उठली आणि प्रत्येकानं तुम्हाला आधारवड म्हटलं. तुम्ही असता तर मागच्या रांगेतून माझ्याकडे वाकून पुटपुटला असता, "आधारवड म्हंजी पारंब्यांना धरून झोका घ्यायला बरा." मी सवयीनं शेजारी बघितलंसुद्धा. शेजारी आपल्या शिबिरातला सोमनाथ बसला होता.

मग सरपंच दत्ताभाऊ उठले. ते खरंच रडत होते, त्यात नाटक नव्हतं. रुमालानं नाक पुसून ते म्हणाले, "आप्पांनी या गावाला बोलायला शिकिवलं. त्यांच्या नावाची भव्य कमान आपल्या वेशीवर हुबी राहील. येत्या ग्रामसभेत तसा ठराव घेऊ. मंजूर हाय ना?"

आणि सगळा घाट एका आवाजात ओरडला, "मंजूर!"

आप्पा, तुमच्या दहाव्याला हो! जो शब्द ऐकला की तुम्हाला शिंका यायच्या, तो शब्द तुमच्या पिंडासमोर अख्ख्या गावानं ठोकून दिला. मला असं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबावी लागली. सोमनाथला वाटलं मला हुंदका आवरेना. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला, आणि त्यामुळे मला आणखी हसू येत राहिलं. मग कधीतरी हसता हसता ते खरंच रडणं झालं. कुठून झालं ते मला कळलं नाही.

घरी येताना मला आपल्या शेडचा पहिला दिवस आठवत होता. मी कॉलेज संपवून घरात बसले होते. तुम्ही ग्रामसेवक म्हणून नुकतेच निवृत्त झाला होतात. निवृत्त माणसं गुडघे दुखायला लागले म्हणून सकाळी फिरायला जातात, तुम्ही मात्र आपली बंद पडलेली पोल्ट्री झाडून घेतलीत, शेडला चुना लावलात आणि शिरूर-दौंडमधल्या पोरापोरींना गोळा केलंत. भिंतीवर स्वतःच्या हातानं फलक रंगवलात: 'युवा कार्यकर्ता प्रशिक्षण शिबिर – शाश्वत मानवी विकास आणि सुशासन'. फलक इतका लांबला की शेवटचं 'शासन' भिंतीवर मावेना, ते कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या भिंतीवर गेलं. आम्ही हसलो तर तुम्ही ब्रश धुवत म्हणालात, "हसू नका. शासन तसंच असतंय. कोपऱ्यावरनं वळलं की दिसत न्हाई." कोंबड्या जाऊन वर्ष झालं होतं, पण वास जायला तयार नव्हता. त्या वासातच आम्ही माहितीचा अधिकार शिकलो.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला ओळी करून बसवलंत आणि म्हणालात, ही ग्रामसभा आहे असं धरा, मी सरपंच. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तुम्ही जे वाचायला लागलात, ते एसटीच्या कंडक्टरलाही जमणार नाही अशा वेगानं. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, प्राप्त पत्रव्यवहाराचे वाचन करणे, उपस्थित सर्व प्रशिक्षणार्थींनी शिबिर संपेपर्यंत सर्वांची भांडी स्वतः घासणे व आप्पांना दुपारी निवांत झोपू देणे, दिवाबत्तीचा आढावा घेणे. मंजूर का? आम्ही सगळे ओरडलो, मंजूर! टाळ्यासुद्धा वाजवल्या.

जेवणं झाल्यावर ताटांचा ढीग आमच्यासमोर आला आणि तुम्ही खाटेवर आडवे झालात. मी तणतणत आले. तुमच्या तोंडावर टॉवेल होता.

"आप्पा, ही सरळसरळ फसवणूक आहे."

टॉवेलच्या आतून आवाज आला, "फसवणूक कुठं? मोठ्यानं वाचलं की. सगळी नोकरी मी असंच वाचत आलो. येकानंबी कवा इचारलं न्हाई."

मग टॉवेल बाजूला करून तुम्ही उठून बसलात. तो तुमचा चेहरा मला अजून दिसतो, कारण एवढा वेळ चाललेली थट्टा त्यातून निघून गेली होती. तुम्ही म्हणालात, "स्वाते, मी माझ्या सहीपेक्षा जास्त येळा एकच शब्द लिव्हलाय. 'सर्वानुमते मंजूर'. सभेला चार डोकी असायची, त्यातली दोन पत्त्याच्या डावातनं उठवून आणलेली. तरी मी लिव्हायचो, सर्वानुमते. ह्ये 'सर्व' म्हंजी कोण, ते मला आजपतुर भेटले न्हाईत. त्यांना शोधायला ह्यो उद्योग मांडलाय."

त्या दुपारी मी भांडी घासली. चिडून घासली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

शेडमध्ये 'मंजूर' शब्दाला बंदी झाली. कुणी काहीही सुचवलं तरी आधी एक प्रश्न विचारायचा, मगच हो की नाही. त्या बंदीनं तुमचाच किती छळ झाला! तुमच्या घरातून काकी चहाचं पातेलं घेऊन यायच्या आणि तुम्ही विचारायचात, "घेनार का रं?" मग सोमनाथ गंभीर चेहऱ्यानं उभा राहून विचारायचा, चहा कशासाठी, यात साखर किती, आणि ज्यांना चहा चालत नाही त्यांचं काय. काकी पातेलं तसंच धरून वैतागायच्या. "ह्यांच्या प्रश्नात चहाची कढी झाली," म्हणायच्या, आणि शेवटी आम्हाला न विचारता ओतून टाकायच्या.

सोमनाथ रांजणगावला कंपनीत होता, अजूनही आहे. रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरायचा आणि युनिफॉर्मवरच शेडमध्ये येऊन भिंतीला टेकायचा. तो झोपला की तुम्ही त्याला उठवायचा नाहीत. एकदा त्यानं आपल्याबरोबर लाइनवर काम करणारा बिहारचा एक पोरगा आणला. खोली आपल्याच गावात भाड्यानं घेऊन राहत होता. तो म्हणाला, "हमारा नाम तो वोटर लिस्ट में है नहीं, हम क्या बोलेंगे?" त्यावर तुमचं ते अजरामर हिंदी! "तू हिधर का पानी पीता हय ना? गटार तेरे खोली के सामनेसे जाता हय ना? तो बैठ. मत नसेल तो मत दे मत, लेकिन इचार तो सांग." त्याला अर्धंच समजलं असेल, पण तो बसला. पुढे त्यानंच खोल्यांच्या ओळीसमोरच्या गटाराचा नकाशा काढून दिला, आणि तो नकाशा तुम्ही येईल त्याला दाखवत सुटला होता.

प्रत्येक तुकडीला तुम्ही इनामगावला न्यायचात. टेम्पोच्या हौद्यात दाटीवाटीनं बसून आम्ही जायचो. नदीकाठच्या त्या उत्खनन झालेल्या पांढरीवर उभं करून तुम्ही सांगायचात, "हितं लई जुनं गाव व्हतं. तुमच्या आज्याच्या आज्याच्याबी कितीतरी आधीचं. त्यांनी धान्य साठवायला कोठार बांधलं, पाण्याला पाट काढला. मला सांगा, पाट काढायचा कुठनं, ह्ये ठरवताना त्यांची भांडणं झाली असतील का न्हाई?" आम्ही म्हणायचो, झाली असणार. "मग एवढं चांगलं गाव उठलं का?" कुणी म्हणायचं रोगराई, कुणी म्हणायचं शत्रू. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घ्यायचात आणि सांगायचात, की जाणकार म्हणतात पाऊसपाणी कमी होत गेलं. मग जरा थांबून, "फलकावर मी 'शाश्वत' लिव्हलंय ना, त्येचा अर्थ येवढाच हाय. पुढं कुणी येऊन आपलं गाव ब्रशनं उकरून बघायची पाळी येऊ नये." एवढं बोलून झालं की लगेच घाई, "चला, हौद्यात बसा, उसातनं बिबट्या निघायची येळ झाली." तुमच्या शाश्वत विकासाचं भाषण दर वेळी बिबट्यानं आटोपतं घेतलं.

या सगळ्याबद्दल मी तुम्हाला एकदाही धड 'थँक्यू' म्हटलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती. तुम्ही मला 'भांडखोर' म्हणायचात, मी ते बक्षीस म्हणून घ्यायचे. तिथंच सगळं आलं असं मला वाटायचं. आता वाटतं, एकदा तरी म्हणायला हवं होतं. तुम्ही "कशाबद्दल? कुणाच्या वतीनं?" असं विचारून मला गप्प केलं असतंत, ही गोष्ट वेगळी.

आपलं शेवटचं भांडण वरवंडला झालं. तिथल्या पोरांचं शिबिर घेऊन आपण हायवेच्या कडेला रसवंतीवर बसलो होतो. शिबिर छान झालं होतं आणि तरीही मी धुमसत होते. मी म्हणाले, "आप्पा, हे सगळं वाया चाललंय. शेडमध्ये पोरं तावातावानं बोलतात, आणि गावच्या सभेत गेली की चुलत्याच्या मागं जाऊन बसतात. तिथं तोंडातून शब्द निघत नाही. आपलं गाव कधीच कशाला नाही म्हणणार नाही."

तुम्ही आलं घातलेला उसाचा रस पीत होतात. बर्फ नको म्हणून रसवंतीवाल्याशी तुमचं आधीच एक भांडण होऊन गेलं होतं.

"म्हनंल," तुम्ही म्हणालात.

"कधी?"

"त्येला जवा 'नाही' म्हणायला चांगलं कारण घावंल तवा. आतापतुर आपण त्येला कारण दिलंय का? निस्ता कायदा सांगितला."

मी म्हणाले, ही पळवाट आहे. तुम्ही म्हणालात, तुला घाई झालीय. मी म्हणाले, तुम्ही सोडून सगळ्यांनाच घाई आहे. मग एक ट्रक एवढ्या मोठ्यानं हॉर्न वाजवत गेला की तुमचं पुढचं वाक्य मला ऐकूच आलं नाही. "काय?" म्हणून मी विचारलं, तर तुम्ही हात हलवून "जाऊ दे" म्हणालात आणि आपण मोटारसायकलवर बसलो. ते वाक्य काय होतं, आप्पा? माझा मुद्दा तुम्ही मान्य करत होता, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. तुम्हाला खोडून काढता येत नाही तोवर ती तशीच राहील. त्यानंतर आठवड्यातच तुम्ही सकाळी अंघोळीचं पाणी तापत ठेवून खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत.

आता कमानीचं ऐका.

दहाव्यानंतर मी दत्ताभाऊंना विचारलं, कमान कशातून करणार? ते म्हणाले, ग्रामनिधीतून, त्यात काय! मग मी पंचायतीचा वर्षाचा आराखडा बघितला. ग्रामनिधीतून या वर्षी एकच मोठं काम धरलेलं होतं, माळवस्तीची पाइपलाइन. तुम्हीच ते रेटून पहिल्या क्रमांकावर आणलं होतंत. माळवस्तीच्या बायका अजून टँकरची वाट बघत रस्त्याच्या कडेला हंडे लावून ठेवतात, हे मी तुम्हाला काय सांगू? कमान झाली तर पाइपलाइन पुढच्या वर्षावर जाणार होती. दत्ताभाऊंना हे ठाऊक होतं. ते म्हणाले, "स्वाती, पाइपलाइन काय पळून चाललीय? पण आप्पा गेल्यावर लगेच झाली तरच कमानीला अर्थ हाय." त्यांच्या मनात पाप नव्हतं, म्हणूनच पंचाईत होती.

मला या कमानीला विरोध करायचा होता. तोही उघड, सभेत, गावासमोर, जिला तुम्ही लेकीसारखं वागवलंत तिनं. आमच्या आईनं ऐकलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. "लोक काय म्हणतील? ज्या हातानं शिकिवलं त्याच्याच नावाला आडवी गेली म्हणतील." मी म्हणाले, म्हणू देत. पण मला लोकांची नव्हे, काकींची भीती वाटत होती. दहाव्याला कमानीची घोषणा झाली तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं होतं. त्यांनी डोळे पुसत मान हलवली होती. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली होती, हे कळायला मार्ग नव्हता.

विचारायला म्हणून मी त्यांच्याकडे गेलेही. त्यांनी माझ्यापुढं पोह्यांची डिश ठेवली, वर भरपूर कोथिंबीर, आणि तुमची रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्या खुर्चीत बसून 'काकी, मी आप्पांच्या नावाला विरोध करणार आहे' असं म्हणणं मला जमलं नाही. पोहे खाऊन मी परत आले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. गर्दी होती, तुमचा विषय होता ना! ग्रामसेविका मॅडमनी इतिवृत्त वाचलं. विषय आला तसे दत्ताभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, हा विषय आपण घाटावरच मंजूर केलेला आहे, आता नुसतं रीतसर. "मंजूर ना?" पुढच्या रांगेतून आवाज आलाही, मंजूर.

मी उभी राहिले. मी म्हणाले, "आप्पांच्या कमानीला माझा विरोध आहे."

मी पाइपलाइनचं सांगितलं. आप्पांनी कोणतं काम पहिलं लिहिलं होतं ते सांगितलं. कमानीखालून आपण गाडीवर बसून जाऊ आणि माळवस्तीच्या बायका हंडा घेऊन जातील, हे आप्पांच्या नावाखाली चालणार आहे का, असं विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरूला इसारली." मला ते लागलं, पण मी बसले नाही.

मग कोण उठलं असेल? सोमनाथ! पहिल्या पाळीवरून थेट आला होता, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. मला वाटलं माझ्या बाजूनं उठला. तो म्हणाला, "मी स्वातीताईच्या विरुद्ध बोलणार हाय. मी रोज कंपनीच्या बसमधनं वेशीवर उतरतो. दमून उतरतो. तिथं आप्पांचं नाव दिसलं तर मला बरं वाटंल. माणसाला पाणी लागतं, तसं हे बी लागतं. ह्याला तुमच्या आराखड्यात कुठं जागा हाय का न्हाई?"

आप्पा, किती चांगलं बोलला तो! एकीकडे मी त्याला पाडायला शब्द शोधत होते आणि दुसरीकडे मला इतका आनंद होत होता की मी कोणत्या बाजूची आहे ते क्षणभर विसरले. तेवढ्यात माळवस्तीच्या ठकूबाई उठल्या. त्यांना सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. पदर खोचून म्हणाल्या, "सोमनाथ, बाबा, तुला आप्पांचं नाव वाचायला येतं. मला वाचता येत न्हाई. मला त्यांचं नाव नळातनंच कळंल."

मग सभेला तोंड फुटलं. एक टेम्पोवाला कमानीच्या बाजूनं उठला, कमान झाली तर पाव्हण्यांना गाव सापडतं म्हणाला. एका आजोबांनी विचारलं, कमान लहान केली तर? लहान कमानीतून उसाची ट्रॉली जाईल का, यावर वेगळाच वाद पेटला. एका पोरीनं, जी तुमच्या मागच्या तुकडीत भिंतीकडे तोंड करून बसायची, तिनं उठून विचारलं की ग्रामनिधीचा विषय नोटिशीत पुरेसा स्पष्ट लिहिला होता का. कुणी कुणाच्या चुलत्याच्या मागं बसलं नाही. उन्हं कलली तरी माणसं घरी जाईनात. शेवटी दत्ताभाऊ थकून म्हणाले, "हात वर करा."

हात मोजले गेले. कमान पडली.

थोड्या हातांनी पडली, पण पडली. आपल्या गावानं आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या ठरावाला नाही म्हटलं, आणि ते तुम्हाला म्हटलं. दत्ताभाऊंना वाईट वाटलं. ते हात जोडून म्हणाले, "ठीक हाय. पण आप्पांच्या नावावरनं दुफळी नको. मॅडम, लिव्हा, सर्वानुमते नामंजूर." मॅडमनी पेन टेकवलं आणि सोमनाथ ताडकन उठला. "अजिबात न्हाई! मी कमानीच्या बाजूनं व्हतो आन् हाय. माझं मत कमानीला हाय असं लिव्हा. सर्वानुमते कसं?" त्याच्या मागोमाग टेम्पोवालाही उठला, माझंबी लिव्हा. मग कमानवाल्यांची नावं लिहून घेता घेता मॅडमचा हात दुखून आला. मी सोमनाथकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला नाही, अजून रागात होता. मला त्या रागाचा इतका अभिमान वाटला!

मी तशीच काकींकडे गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून पळतच गेले. त्या अंगणात कांदे निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काकी, कमान नाही होणार. मीच विरोध केला."

त्यांनी हातातला कांदा ठेवला. मग म्हणाल्या, "मला पायजे व्हती गं कमान."

आप्पा, मी तिथंच कांद्यांपाशी बसले. मला वाटलं होतं त्या म्हणतील, बरं केलंस, त्यांनाही नसती आवडली. मी हेच ऐकायला पळत आले होते. त्या म्हणाल्या, "सगळा जलम ह्यो मानूस दुसऱ्याच्या गावांची कामं लिवीत बसला. घरात कवा थांबला न्हाई. वाटलं, आता येका जागी नाव तरी राहील. मी रोज जाता-येता बघितलं असतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"कोण कोण बोललं?"

मी सांगितलं. ठकूबाई बोलल्या, टेम्पोवाला बोलला, भिंतीकडं तोंड करून बसणारी पोरगी बोलली. काकी 'आन् मग?' 'आन् मग?' करत राहिल्या. ट्रॉलीचा वाद ऐकून त्या हसायला लागल्या. सोमनाथनं आपलं मत लिहायला लावलं हे सांगितल्यावर तर त्यांनी कांद्याच्या ढिगावर हात मारला. "त्यो माझ्या बाजूचा," म्हणाल्या. "ठकी काय म्हणाली, परत सांग." मी परत सांगितलं. "नळातनं कळंल म्हणाली? ठकी? लई शानी झाली." मग डोळे पुसले, पदर नीट केला आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

तुम्हाला ठाऊक आहे, आप्पा, काकींनी शाळेच्या पटांगणात कधी पाऊल टाकलं नाही. तुम्ही दोन तालुक्यांतल्या पोरींना सभेत उभं केलंत, पण घरातून निघताना तुम्ही 'चल की' म्हणायचात आणि त्या 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून आत जायच्या. तुमचं हे एक भांडण माझ्यापेक्षाही जुनं होतं, आणि त्यात तुम्ही कायम हरत आलात.

काकींनी पुन्हा कांदा हातात घेतला. त्याची वाळलेली पात मुरगाळून टाकत म्हणाल्या, "पुढली सभा कवा हाय?"

मी सांगितलं.

"मला आदल्या दिशी आठवण कर. पाइपलाइन होऊन जाऊ दे, मग मी कमानीचं बोलणार हाय. आन् तू मधी बोलायचं न्हाई, माझं झाल्याबिगर."

मी हो म्हणून उठले. काकींनी मागून हाक मारली, "आन् सोमनाथला सांग, माझ्या शेजारी बसायचं."